घरच्या घरी सायकलची दुरुस्ती

आमच्या मालेगावात शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात. आठवडाभर चाललेला खडखडाट त्या दिवशी थांबतो. माझ्या लहानपणी शुक्रवारची सकाळ ही अब्बांच्या सायकलची सकाळ असे. अब्बा मागावर काम करीत. दिवसपाळी असो की रात्रपाळी, कारखान्यात जायचे ते सायकलवरच. शुक्रवारी ते अंगणात जुने पोते अंथरीत, त्यावर सायकल उलटी ठेवीत आणि एकेक भाग पुसू लागत. आम्ही भावंडे भोवती बसत असू. मागितला तर पाना देत असू, फडके देत असू. पण हे काम आपण शिकावे असे मला कधी वाटले नव्हते.

ते वाटले आठवीच्या सहामाही परीक्षेच्या दिवशी. पेपर मराठीचा होता. शाळा घरापासून तीन किलोमीटर. मी सायकल बाहेर काढली तर पुढच्या चाकात हवाच नाही! अब्बा पहाटेच कामावर गेले होते. मी सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या दुकानात नेली. तिथे माझ्या आधी चार सायकली उभ्या होत्या. दुकानदार चाचा म्हणाले, "अर्धा तास लागेल, बेटा." सायकल तिथेच ठेवून मी पायी निघाले. शाळेत पोहोचले तेव्हा पेपर सुरू होऊन पंचवीस मिनिटे झाली होती. त्या पेपरात माझा निबंध लिहायचा राहिला.

संध्याकाळी अब्बांनी सायकल घरी आणली. मी विचारले, "पंक्चर किती होते?" ते हसून म्हणाले, "एकही नव्हते. वॉल ट्यूब सडली होती." करंगळीएवढा रबराचा तुकडा! तो बदलायला दोन मिनिटेही लागत नाहीत. पुढच्या शुक्रवारी मी पोत्यावर अब्बांच्या शेजारी बसले, ती शिकण्यासाठी.

तेव्हा जे शिकले तेच तुम्हाला सांगणार आहे. या पाठात काही शब्द तुम्हाला घरचेच वाटतील. दुरुस्ती, अवजार, हवा, पेच, कारागीर हे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले आणि इथलेच होऊन गेले. टायर, ट्यूब, ब्रेक, चेन हे शब्द इंग्रजीतून आले. मराठी माणूस ते रोज बोलतो. म्हणजे सायकलची मराठी तुम्हाला निम्मी आधीच येते.

अवजारे फार लागत नाहीत. एक हवा भरायचा पंप, दोन-तीन मापांचे पाने, एक पक्कड, एक पेचकस, टायर काढायच्या दोन पट्ट्या, काचपेपर, पंक्चरचे पॅच, सोल्यूशनची एक नळी आणि तेलाची कुप्पी. हे सर्व बिस्किटांच्या जुन्या डब्यात मावते. पंप मात्र वेगळा ठेवावा लागतो.

आधी हवेचे पाहू. ट्यूब कितीही चांगली असली तरी तिच्यातून थोडी थोडी हवा जातच असते. म्हणून आठवड्यातून एकदा हवा पाहावी. टायर अंगठ्याने जोरात दाबावा. तो किंचित दबला तर हवा ठीक आहे. बोट आत जाऊ लागले तर हवा कमी आहे. काही टायरांच्या कडेला हवेचा दाब किती हवा ते छापलेले असते. तिथेच टायरचे मापही असते. आपल्याकडच्या उंच काळ्या सायकलींच्या टायरवर बहुधा २८ × १½ असे आकडे दिसतात. नवी ट्यूब आणायला जाल तेव्हा हे आकडे कागदावर लिहून न्या.

ट्यूबमध्ये हवा भरण्याचा जो मार्ग असतो त्याला वॉल्व्ह म्हणतात. दुकानात त्यालाच 'वॉल' म्हणतात. जुन्या पद्धतीच्या वॉल्व्हमध्ये एक बारीक पोकळ दांडी असते. तिच्या बाजूला छोटे छिद्र असते आणि त्यावर रबराची नळी चढवलेली असते. हीच वॉल ट्यूब. पंपाने हवा मारली की हवा छिद्रातून येते, रबर थोडे बाजूला ढकलते आणि आत शिरते. पंप थांबला की आतली हवा त्या रबराला दांडीवर घट्ट दाबते आणि छिद्र बंद होते. किती साधी युक्ती आहे पाहा! दार आत जाणाऱ्याला उघडते आणि बाहेर येणाऱ्याला अडवते. पण उन्हाने रबर सडले किंवा फाटले की हे दार बंद होत नाही. म्हणून चाकातली हवा गेली की लगेच 'पंक्चर झाले' म्हणू नका. हवा भरा आणि वॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवा. बुडबुडे आले तर दोष तिथेच आहे. जुनी नळी काढा, नवी नळी ओली करून दांडीवर चढवा. छिद्र पूर्ण झाकले पाहिजे. आता पुष्कळ नव्या सायकलींना मोटारसायकलसारखा वॉल्व्ह असतो. त्यात ही नळी नसते. आतली पिन बदलावी लागते.

बुडबुडे आले नाहीत तर मात्र पंक्चर शोधावे लागेल. चाक सायकलपासून वेगळे करण्याची गरज नसते. सायकल उलटी करा. खाली पोते घाला, नाहीतर सीट आणि घंटी खराब होईल. राहिलेली हवा सोडून द्या आणि वॉल्व्ह काढा. आता टायरची एक कड रिमच्या बाहेर काढायची आहे. इथे बहुतेक मुले नुसती ताकद लावतात. टायरच्या कडेत तार असते, ती ताणली जात नाही. परंतु रिमचा मधला भाग खोलगट असतो. टायर सगळीकडून दाबून त्याच्या कडा त्या खोलगट भागात ढकलल्या की टायर थोडा सैल होतो. मग एक पट्टी कडेखाली घाला, वीतभर अंतरावर दुसरी घाला आणि कड उचला. पट्टी नसेल तर जाड चमच्याचा दांडा चालतो. पेचकस वापरू नये. त्याचे टोक ट्यूबमध्ये घुसते आणि एका पंक्चरची दोन होतात. अम्मीच्या स्वयंपाकघरातले दोन चमचे मी असेच वाकडे केले होते, म्हणून चमचे जुने घ्यावेत.

ट्यूब बाहेर काढून वॉल्व्ह पुन्हा बसवा आणि थोडी हवा भरा. घमेल्यात पाणी घेऊन ट्यूबचा थोडा थोडा भाग त्यात बुडवा. जिथून बुडबुडे निघतील तिथे छिद्र आहे. एक सापडले म्हणून थांबू नका, ट्यूबचा पूर्ण फेरा तपासा. छिद्रापाशी बॉलपेनने मोठी फुली काढा. खूण लहान असेल तर काचपेपरने घासताना ती पुसली जाते आणि पुन्हा घमेले भरावे लागते.

आता ट्यूब कोरडी करा, हवा सोडा आणि छिद्राभोवतीची जागा काचपेपरने घासा. पॅच केवढा आहे ते पाहून त्याहून थोडी मोठी जागा घासावी. त्यावर सोल्यूशनचा पातळ थर लावा. आणि थांबा. हे थांबणेच सर्वांना अवघड जाते. मीही पहिल्या वेळी ओल्या सोल्यूशनवर पॅच दाबला होता आणि तो रस्त्यातच सरकला. सोल्यूशनमध्ये रबर पातळ करणारे द्रव्य असते. ते उडून जायला चार-पाच मिनिटे लागतात. ते उडण्याआधी पॅच लावला तर द्रव्य आत अडकते आणि पॅच पकड घेत नाही. बोट लावून पाहा. थर ओला लागला नाही, नुसता चिकट लागला, की पॅच लावायची वेळ झाली. पॅचच्या खालचा कागद काढा. त्या बाजूला बोट लावू नका. पॅच मधून कडेकडे दाबत बसवा. मग त्यावर आणि आजूबाजूला खडूची भुकटी चोळा, म्हणजे ट्यूब टायरला आतून चिकटणार नाही. खडूची भुकटी शाळेत पुष्कळ मिळते. त्यासाठी अख्खा खडू मात्र उचलू नका!

ट्यूब परत आत घालण्याची घाई नको. ज्या वस्तूने छिद्र पाडले ती अजून टायरमध्ये असेल तर? टायरच्या आतून बोटे हळूहळू फिरवा. जोरात फिरवली तर बोट कापेल. आमच्या भागात बाभळीचा काटा हा पहिला आरोपी. टायरच्या बाहेरून तो दिसत नाही, आत मात्र टोक निघालेले असते. त्यानंतर काच आणि खिळे. रिमच्या आत तारांची टोके असतात, त्यांच्यावर कापडी किंवा रबरी पट्टी असते. ती सरकली असेल तर नीट बसवा. कधीकधी ट्यूबला दोन छिद्रे शेजारी शेजारी पडलेली दिसतात, जणू साप चावला आहे. तिथे काटा शोधण्यात अर्थ नाही. कमी हवेची सायकल खड्ड्यात आदळली की टायर आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाते आणि असे होते. म्हणजे त्या पंक्चरचे कारण पंप न मारणे हे आहे.

ट्यूबमध्ये थोडीशी हवा ठेवून ती टायरमध्ये घाला. पीळ पडू देऊ नका. टायरची कड अंगठ्यांनी आत बसवत जा. शेवटी कड घट्ट वाटेल, तेव्हाही पट्टीपेक्षा अंगठेच बरे. चाकाभोवती एक फेरी मारून ट्यूब कुठे रिमखाली दबली नाही ना, ते पाहा. मग हवा भरा.

हवेच्या या टायरची कल्पना यशस्वी केली ती जॉन बॉइड डनलॉप या गृहस्थांनी. ते आयर्लंडमधील बेलफास्ट शहरात जनावरांचे डॉक्टर होते. मुलाच्या तीनचाकी सायकलला भरीव रबराचे टायर होते आणि ती फार आदळत असे. तिच्यासाठी त्यांनी हवा भरलेला टायर बनवला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. घरच्या अंगणातल्या खटपटीतून जगभरची चाके बदलली.

आता ब्रेककडे येते. ही गोष्ट सांगायला मला आवडत नाही, तरी सांगते.

मी दहावीत होते. पंक्चर काढता येऊ लागले होते, चेन बसवता येत होती, त्यामुळे थोडा गर्वही आला होता. मागच्या ब्रेकचे रबर झिजले होते. अब्बांची वाट न पाहता मी दुकानातून नवे रबर आणले आणि स्वतः बसवले. नट घट्ट आवळले. संध्याकाळी धाकट्या भावाला कॅरियरवर बसवून निघाले. मोसम नदीच्या पुलावरून उतरताना ब्रेक दाबला आणि काहीतरी टण्णकन उडाले. ब्रेक लागेना. पुढचा ब्रेक दाबेपर्यंत आम्ही केळ्यांच्या हातगाडीवर जाऊन आदळलो. मला खरचटले. भावाची हनुवटी फाटली. चार टाके पडले.

अब्बा रागावले नाहीत. ते गप्पपणे अंगणात बसले आणि त्यांनी मला ब्रेकची पट्टी दाखवली. ब्रेकचे रबर ज्या लोखंडी पट्टीत बसते तिची एक बाजू बंद असते आणि दुसरी उघडी. चाक फिरत असताना ब्रेक लावला की रिम त्या रबराला आपल्याबरोबर ओढून नेऊ पाहते. ज्या दिशेला रबर ओढले जाते त्या दिशेला पट्टीची बंद बाजू हवी. ती रबराला अडवून धरते. मी पट्टी उलटी बसवली होती. उघड्या बाजूने रबर निसटून गेले. नट घट्ट होते, रबर नवे होते, आणि तरीही ब्रेक नव्हता. भावाला आता दाढी आहे, म्हणून ती खूण कोणाला दिसत नाही. मला ती कुठे आहे ते माहीत आहे.

तेव्हापासून एक नियम मी सोडला नाही. ब्रेकला हात लावला की आधी गल्लीत सायकल चालवत नेऊन पाहायची नाही, ढकलत नेऊन पाहायची. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलली तर पुढचे चाक थांबून मागचे उचलले पाहिजे. मागचा ब्रेक दाबून ढकलली तर मागचे चाक न फिरता घासत आले पाहिजे. त्यानंतर एकट्याने, सपाट रस्त्यावर, हळू चालवून पाहावे. कॅरियरवर कोणाला बसवण्याची वेळ त्यानंतरची.

दर आठवड्याला रबराची जाडी पाहावी. लोखंड रिमला घासू लागले तर रिमही जाते. ब्रेकची मूठ दाबल्यावर ती हँडलला जाऊन टेकत असेल तर ब्रेक सैल आहे. तारेचा ब्रेक असेल तर मुठीजवळ तारेचे धागे पाहा. एक जरी तुटलेला दिसला तर तार बदलायला द्या, कारण उरलेले धागे जास्त ओझे घेतात आणि तेही लवकर तुटतात. उंच काळ्या सायकलींना तारेऐवजी लोखंडी सळया असतात. त्यांच्या सांध्यांचे नट तपासावेत. रिमवर आणि ब्रेकच्या रबरावर तेलाचा थेंबही पडू देऊ नये. पावसात रिम ओली असते, पहिले काही फेरे रबर फक्त पाणी पुसत राहते. म्हणून पावसात ब्रेक नेहमीपेक्षा लवकर दाबायला सुरुवात करावी. ब्रेकचे काम जमले की नाही अशी शंका असेल तर सायकल दुकानात ढकलत न्यावी. यात कमीपणा नाही.

चेनचे काम सोपे आहे, फक्त हात काळे होतात. चेन आधी कोरड्या फडक्याने पुसावी, नंतर तेल द्यावे. धुळीवर तेल ओतले तर त्याची खरड तयार होते आणि ती दातांना कानशीसारखी घासते. शिवणाच्या यंत्राला देतात ते पातळ तेल चालते. खोबरेल तेल देऊ नये. थंडीत ते गोठते. गाडीतून काढलेले काळे तेलही देऊ नये, त्यात धातूचा कीस असतो. पायडल उलटे फिरवत चेनच्या प्रत्येक सांध्यावर एकेक थेंब टाका. पाच मिनिटांनी वरवरचे तेल पुसून घ्या. तेल आत हवे. बाहेर राहिलेले तेल फक्त धूळ गोळा करते.

चेन मध्यभागी बोटाने वर-खाली हलवून पाहा. साधारण एक ते दीड सेंटिमीटर हलली तर बरोबर. जास्त हलत असेल तर ती वारंवार उतरेल. तेव्हा मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल करून चाक थोडे मागे ओढावे. चाक दोन्ही बाजूंनी मध्यभागी राहिले पाहिजे. मग दोन्ही नट आळीपाळीने आवळावेत. गियरच्या सायकलीत ही रीत वेगळी असते, तिथे हे करू नये. उतरलेली चेन बसवताना ती आधी मागच्या दातांवर ठेवा, मग पुढच्या मोठ्या चक्राच्या काही दातांवर अडकवा आणि पायडल हळूहळू फिरवा. चेन काडीने धरा, बोटाने नको. आणि तुमचे हात चेनजवळ असताना दुसऱ्या कोणाला पायडल फिरवू देऊ नका. मागावर काम करणाऱ्या अब्बांना यंत्रात बोट जाणे म्हणजे काय हे चांगले ठाऊक होते. याच एका गोष्टीवर ते आवाज चढवीत.

पायडल काढताना फसगत होते. उजवे पायडल सरळ आट्यांचे असते, डावे उलट आट्यांचे. डावे पायडल नेहमीच्या दिशेने सैल करायला जाल तर ते आणखी घट्ट बसेल. चालवताना पायडल आपोआप सैल होऊ नये म्हणून ही योजना आहे.

काही कामे घरी करू नयेत असे माझे मत आहे. चाक डोलत असेल तर तारा आवळून ते सरळ करावे लागते. यालाच दुकानात 'आऊट काढणे' म्हणतात. उंच काळ्या सायकलच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असतात, कारण माणसाचे आणि कॅरियरचे ओझे मागे जास्त येते. त्या सगळ्या तारा एकमेकींना ओढून चाक गोल ठेवतात. एक आवळली की रिम तिच्या बाजूला सरकते, मग समोरची सैल करावी लागते. त्याला सराव लागतो. आपण फक्त तारा बोटांनी चिमटून पाहाव्यात. एखादी ढिली किंवा तुटलेली आढळली तर लगेच दुकान गाठावे. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा 'टक्' असा आवाज येत असेल तर कॉटर पिन झिजलेली असू शकते. तेही मिस्त्रीचे काम. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, सगळे सांधे उघडून, छर्रे धुऊन, नवे ग्रीस भरून घ्यावे. मूळ इंग्रजी शब्द ओव्हरहॉल. पण दुकानात सगळे त्याला 'ओव्हरऑईल' म्हणतात. तेलाशी संबंध असल्यामुळे तो शब्द इतका पटतो की आता तो कोणी बदलेल असे वाटत नाही.

दुकानात गेलात तर सायकल ठेवून निघून येऊ नका. शेजारी उभे राहून पाहा. आमच्या कोपऱ्यावरचे चाचा एका हाताने चाक फिरवून, कान देऊन सांगत की कोणता छर्रा फुटला आहे. मी विचारले की ते थांबून दाखवीत. मुलीने हे शिकावे याचे त्यांना नवल वाटे, पण त्यांनी कधी हाकलले नाही. या कामाला कमी समजू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली होती; लोखंडी नांगर आणि पंप बनवणारा त्यांचा कारखाना पुढे झाला.

माझ्या वर्गात सध्या सायकलवर येणाऱ्या अकरा मुली आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांपैकी दोघींनी शाळेच्या व्हरांड्यात एका मैत्रिणीच्या सायकलचे पंक्चर काढले. घमेले माळीकाकांकडून आणले होते. सोल्यूशन वाळेपर्यंत थांबायला त्या तयार नव्हत्या. मी घड्याळ हातात धरून उभी राहिले. तोपर्यंत एकीने चेनला तेल दिले आणि हात नकळत ओढणीला पुसले. तो डाग नुसत्या साबणाने निघत नाही. त्यावर आधी थोडे खोबरेल तेल चोळावे, काळेपणा सुटू लागला की भांड्यांचा साबण लावावा, आणि मगच ओढणी पाण्यात टाकावी.